चोरओटीची बातमी इन्स्टाग्रामला कशी कळली?

प्रश्न (लांब पत्र थोडक्यात दिलं आहे): मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. सहा वर्षांपासून घरूनच पूजासाहित्याची वेबसाइट चालवते. सत्यनारायण, वास्तुशांत, मुंज, बारसं, डोहाळजेवण अशा सगळ्यांचे संच करून अमेरिकेत सगळीकडे पाठवते आणि जवळपासच्या लोकांना गुरुजी ठरवून देते. वर्षाला बाराशेच्या आसपास ऑर्डरी होतात, महिन्याला तीनेक हजार लोक साइट बघतात. साइट शॉपिफायवर (ऑनलाइन दुकान चालवायच्या सेवेवर) आहे, पुण्यातल्या एका मुलाने बांधून दिली. प्रायव्हसी पॉलिसी एका मोठ्या दुकानाची बघून, नाव बदलून टाकली आहे. गेल्या महिन्यात एका कंपनीचा ईमेल आला: तुमची साइट १९ राज्यांचे कायदे मोडते, २४०० डॉलर भरा, आम्ही सगळं नीट करून देतो, नाहीतर प्रत्येक चुकीला ७५०० डॉलर दंड. मी घाबरून तुम्हाला लिहायला बसले, तेवढ्यात दुसरंच घडलं. सिएटलजवळच्या एका मुलीने माझ्याकडून चोरओटीचा संच मागवला होता. तीन दिवसांनी तिने लिहिलं, "ताई, नवरा आणि सासूबाई सोडून कुणालाच सांगितलेलं नाही. पण इन्स्टाग्रामवर मला पाळण्यांच्या आणि गरोदरपणातल्या व्हिटॅमिनच्या जाहिराती दिसायला लागल्यात. तुम्ही कुणाला सांगितलंत का?" मी कुणालाही सांगितलेलं नाही. तिला काय उत्तर देऊ? आणि ते २४०० डॉलर भरू का?

उत्तर:

ताई, ते २४०० डॉलर भरू नका. त्या ईमेलला उत्तरही देऊ नका. त्याचं पुढे सांगतेच, पण आधी त्या मुलीचं बघू. तुमच्या पत्रात शेवटी आलेली गोष्ट खरं तर पहिली आहे.

एक सांगून ठेवते. मी वकील नाही. गेली चौदा वर्षं अमेरिकेतल्या छोट्या दुकानांच्या वेबसाइट सांभाळते, आणि अलीकडे त्यातलं निम्मं काम याच विषयाचं असतं. जिथे वकील लागेल तिथे तसं सांगेन.

तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तुमच्या साइटने सांगितलं. पत्रात तुम्ही साइटचा पत्ता दिला होता, म्हणून मी ती उघडून चोरओटीच्या संचावर गेले आणि पान पडद्यामागे कुणाकुणाशी बोलतं ते पाहिलं. तुम्हीही पाहू शकता. क्रोममध्ये ते पान उघडा, माउसचं उजवं बटण दाबून 'इन्स्पेक्ट' निवडा, वरच्या ओळीतला 'नेटवर्क' कप्पा उघडा आणि पान पुन्हा लोड करा. ओळींचा पाऊस पडेल. गाळणीच्या चौकटीत फेसबुकचं नाव टाकलंत की दोन-तीन ओळी उरतील. त्यातल्या एकीवर टिचकी मारा. मला तिथे तुमच्या पानाचा अख्खा पत्ता दिसला, आणि त्या पत्त्यातच 'प्रेग्नन्सी' हा शब्द आहे. इंग्रजी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुम्ही किंवा पुण्याच्या मुलाने संचाचं नाव तसं दिलं असणार. शिवाय वस्तूची किंमत होती, आणि मी ती कार्टमध्ये टाकली तेव्हा 'कार्टमध्ये टाकली' अशी वेगळी नोंदही गेली.

ही करणी मेटा पिक्सेलची, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या एका छोट्या कोडची. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत तुम्ही फेसबुकवर जाहिरात केलीत तेव्हा तो बसवला, असं तुम्हीच लिहिलं आहे. जाहिरात संपली, पिक्सेल तसाच राहिला. तो बघणाऱ्याच्या ब्राउझरमधून मेटाला सांगतो की अमुक व्यक्तीने अमुक पान पाहिलं, अमुक वस्तू घेतली. त्याच ब्राउझरमध्ये ती व्यक्ती फेसबुक किंवा इन्स्टाग्रामला लॉगिन असेल, तर ती कोण हे कंपनीला कळतं. पिक्सेलचं एक सेटिंग असं आहे की ग्राहकाने भरलेला ईमेल आणि फोन नंबरही 'हॅश' करून पाठवला जातो, म्हणजे एका सूत्राने त्याचं अक्षर-आकड्यांच्या न वाचता येणाऱ्या माळेत रूपांतर करून. त्याने माहिती लपली असं पुष्कळांना वाटतं. पण मेटाकडे त्या मुलीचा ईमेल आधीपासून आहेच, त्याला तेच सूत्र लावलं की तीच माळ मिळते आणि जोडी जुळते.

आता, त्या जाहिराती तुमच्यामुळेच दिसल्या हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. तिने दुसरीकडेही काही शोधलं असेल. पण पानाचा पत्ता तुमच्या दुकानातून बाहेर गेला एवढं नक्की. आणि हे नेमकं चोरओटीच्या बाबतीत व्हावं याचं मला फार वाईट वाटलं. तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात, गाजावाजा न करता ओटी भरायची, बातमी इतक्यात उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, म्हणून तर ती 'चोर' ओटी. आपल्या आज्या-पणज्यांनी जपलेलं ते गुपित त्या मुलीने विश्वासाने तुमच्या हाती दिलं होतं.

आणि ती राहते वॉशिंग्टन राज्यात. तिथे २०२३ साली 'माय हेल्थ माय डेटा' नावाचा कायदा झाला. दवाखाने आणि विमा कंपन्यांच्या कायद्यांतून सुटलेली आरोग्याची माहिती त्याने धरली. गरोदरपण त्यात येतं, आणि दुसऱ्याच कशावरून तरी काढलेला आरोग्याचा अंदाजसुद्धा येतो. उलाढाल किती, ग्राहक किती, याची अट नाही. लहान धंद्यांना फक्त तीन महिने जास्त मिळाले होते, ते ३० जून २०२४ ला संपले. चोरओटीचा संच विकत घेणं म्हणजे आरोग्याची माहिती, असा निकाल कुठल्या कोर्टाने दिलेला माझ्या पाहण्यात नाही, पण तुम्ही ती तशीच आहे असं धरून वागा. ऑर्डर पुरी करायला लागते तेवढी माहिती घ्यायला हरकत नाही. त्यापलीकडे ती तिसऱ्या कुणाला द्यायची तर वेगळी संमती हवी, आणि विकायची तर ग्राहकाची सही असलेला लेखी अधिकार हवा. मुखपृष्ठावर आरोग्यविषयक माहितीचं धोरण स्वतंत्र दुव्याने द्यावं लागतं. आणि इतर बहुतेक राज्यांत जे नाही ते इथे आहे: ग्राहक स्वतः दावा लावू शकतो. नेवाडातही असाच एक कायदा आहे, पण तिथे ग्राहकाला दाव्याचा हक्क नाही.

म्हणून आज रात्री झोपण्यापूर्वी पिक्सेल काढा. शॉपिफायमधलं फेसबुकचं ॲपही काढा, कारण काही माहिती ब्राउझरमधून न जाता थेट सर्व्हरवरून जाते आणि ती नेटवर्कच्या कप्प्यात दिसत नाही. मग पुन्हा तीच तपासणी करा. फेसबुकची एकही ओळ उरता कामा नये. पुढे कधी जाहिरात करायची झालीच, तर दिवे, उदबत्त्या, तांब्याची भांडी अशा पानांपुरता विचार करा, तोही ग्राहकाने हो म्हटल्यावर. चोरओटी, डोहाळजेवण, शांती, श्राद्ध या पानांवर जाहिरातवाल्याचा कसलाही कोड नको. कधीच नको. आणि पानाच्या पत्त्यातला तो शब्द बदला.

आता तो धमकीचा ईमेल. असे ईमेल यंत्राने हजारोंना जातात आणि त्यात अर्धसत्य असतं. २०२६ उजाडेपर्यंत अमेरिकेत १९ राज्यांत ग्राहकांच्या माहितीच्या हक्कांचे सर्वसमावेशक कायदे लागू झाले, फ्लोरिडाचा धरला तर २०. केंद्राचा असा एकच कायदा नाही, म्हणून ही गोधडी. पण यातले बहुतेक कायदे तुमच्याएवढ्या दुकानाला लागूच होत नाहीत. तुमच्या न्यू जर्सीचा कायदा १५ जानेवारी २०२५ पासून आहे. तो लागू व्हायला वर्षात न्यू जर्सीतल्याच १,००,००० लोकांची माहिती हाताळलेली असावी लागते, किंवा २५,००० लोकांची हाताळून ती विकण्यातून पैसे वा सवलत मिळालेली असावी लागते. मोजताना फक्त गिऱ्हाईकं नव्हे, साइट बघून गेलेले लोकही धरायचे, कारण त्यांचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्यांचा क्रमांक) आणि कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) हीसुद्धा माहितीच. तरी तुमच्याकडे वर्षाला सगळी राज्यं मिळून छत्तीस हजार भेटी होतात. कॅलिफोर्नियाचा मोठा कायदा लागतो तो वर्षाला २ कोटी ६६ लाख डॉलरच्या वर उलाढाल असलेल्यांना, किंवा तिथल्या एक लाख ग्राहकांची वा कुटुंबांची माहिती विकत घेणाऱ्या-देणाऱ्यांना, किंवा निम्मी कमाई माहितीच्या विक्रीतून करणाऱ्यांना. व्हर्जिनिया, कोलोरॅडो, ओरेगॉन इथेही आकडा लाखाचा आहे. डेलावेअर, न्यू हॅम्पशायर, मेरीलँड यांचा ३५,००० आहे, तरी त्या राज्यातलेच लोक मोजायचे असल्याने तुम्ही खूप खाली आहात. हे आकडे बदलत राहतात, आणि अलीकडे काही राज्यांत खाली आलेत. मोंटानाने ५०,००० चा २५,००० केला, कनेटिकटने लाखाचा ३५,००० करायचं ठरवलं. म्हणून दर जानेवारीत हिशेबाच्या वहीबरोबर शॉपिफायमधले राज्यवार आकडेही एकदा बघा.

पण टेक्सास वेगळं आहे. डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनला तुमचे भरपूर संच जात असणार. तिथला कायदा १ जुलै २०२४ पासून आहे आणि त्यात ग्राहकांच्या संख्येची अटच नाही. केंद्र सरकारच्या व्याख्येने लहान ठरणाऱ्या धंद्यांना त्यातून सूट आहे, आणि तुम्ही लहानच आहात. फक्त एका गोष्टीची सूट लहानांनाही नाही: ग्राहकाच्या आधी घेतलेल्या संमतीशिवाय त्याची संवेदनशील माहिती विकता येत नाही. नेब्रास्कातही हाच नियम आहे. आणि संवेदनशील माहितीच्या यादीत वंश, आरोग्याचं निदान, नागरिकत्व यांच्या जोडीला धर्मश्रद्धा आहे. तुमचं तर सगळं दुकानच धर्मश्रद्धेचं.

तुम्ही म्हणाल, मी कुठे काय विकलं? इथे 'विक्री'चा अर्थ पैसे घेऊन देणं एवढाच नाही. माहितीच्या बदल्यात कुठलाही मोलाचा लाभ मिळाला तरी ती विक्री धरली जाऊ शकते. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलने, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाने, सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीकडून १२ लाख डॉलर भरून घेतले, ते याच अर्थावर. कंपनीने ग्राहकांची यादी कुणाला रोख पैशाला विकलेली नव्हती. तिच्या साइटवर इतरांचे माग काढणारे कोड होते, त्यातून तिला जाहिरातीचा आणि आकडेवारीचा फायदा मिळत होता, आणि ही विक्री आहे हे तिने ग्राहकांना सांगितलं नव्हतं. शिवाय 'माझी माहिती विकू नका' असं ग्राहकाचा ब्राउझर आपोआप कळवत होता, तिकडेही लक्ष दिलं नव्हतं. या इशाऱ्याला ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल म्हणतात. शॉपिफायच्या ग्राहक-गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये तो पाळण्याची सोय आहे. तुमच्यावर आज सक्ती नसली तरी ती सुरू करून ठेवा.

म्हणजे त्या ईमेलमधला ७५०० चा आकडा खरा आहे. टेक्सासमध्ये एका उल्लंघनाला तेवढ्यापर्यंत दंड होऊ शकतो. पण तो मागू शकतो फक्त तिथला ॲटर्नी जनरल, आणि त्यालाही आधी नोटीस देऊन ३० दिवस द्यावे लागतात. त्या मुदतीत चूक सुधारून तसं लेखी कळवलं तर प्रकरण तिथेच मिटतं. हे त्या ईमेलवाल्यांनी तुम्हाला सांगितलं नाही.

एका गोष्टीत मात्र सावध राहा. यंत्राचा ईमेल वेगळा आणि वकिलाच्या लेटरहेडवरचं पत्र वेगळं. कॅलिफोर्नियात १९६७ सालचा फोन चोरून ऐकण्याविरुद्धचा कायदा आहे, उल्लंघनामागे ५००० डॉलर. आज तो वेबसाइटवरच्या चॅटच्या खिडक्या आणि पिक्सेल यांच्यावर लावून काही वकील छोट्या-छोट्या दुकानांना पैशाची मागणी करणारी पत्रं पाठवतात. त्या कायद्यात उलाढालीचा आकडा नाही. असं पत्र आलं तर फेकू नका, स्वतः उत्तर लिहू नका, वकिलाला दाखवा. तुमची चॅटची खिडकी महिन्यातून किती जण वापरतात? दोघं-तिघं असतील तर काढून टाका आणि फोन नंबर ठळक द्या. आपल्या लोकांना फोनच आवडतो.

पॉलिसीबद्दल मला थोडं रागावून बोलायचं आहे. दुसऱ्याची पॉलिसी उचलणं ही तुमच्या साइटवरची सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे, पॉलिसी मुळीच नसण्याइतकीच धोक्याची. पॉलिसी हवीच, हे खरं. कॅलिफोर्नियाचा एक जुना कायदा १ जुलै २००४ पासून आहे: तिथल्या रहिवाशांची ओळख पटेल अशी माहिती घेणाऱ्या प्रत्येक व्यापारी साइटने पॉलिसी ठळकपणे लावली पाहिजे, दुकान केवढंही असो. तुम्ही फ्रीमाँट आणि सनीव्हेलला संच पाठवता, म्हणजे तो तुम्हाला लागू आहे. काय गोळा करता, कुठल्या प्रकारच्या लोकांना देता, ग्राहकाला आपली माहिती बघता-बदलता येत असेल तर कशी, ब्राउझरने 'माझा माग काढू नका' म्हटलं तर काय करता, पॉलिसी बदललीत तर कसं कळवाल, आणि ती कुठल्या तारखेपासून आहे, एवढं तरी त्यात लागतं.

पण तुमच्या सध्याच्या पॉलिसीत वाक्य आहे की आम्ही तुमची माहिती कुणालाही देत नाही. ते वाक्य त्या मोठ्या दुकानाबद्दल खरं असेल. तुमच्याबद्दल पिक्सेल असेपर्यंत ते खोटं होतं. आणि खोट्या वचनावर कारवाई व्हायला राज्याच्या कायद्याची गरज नाही, केंद्राचं फेडरल ट्रेड कमिशन पुरेसं आहे, ग्राहकाची फसवणूक या एकाच मुद्द्यावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुडआरएक्स या औषधांच्या सवलतीच्या कंपनीवर कमिशनने कारवाई केली. १५ लाख डॉलरचा दंड ठरला तो माहिती बाहेर गेल्याचं ग्राहकांना न कळवल्याबद्दल, पण तक्रार फसवणुकीचीही होती. वचन दिलं होतं आरोग्याची माहिती जाहिरातवाल्यांना देणार नाही असं, आणि ती फेसबुक-गूगलकडे जात होती. कंपनी तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी, पण चूक तीच.

तेव्हा आधी साइट तपासा, मग पॉलिसी लिहा, आणि आपल्या शब्दांत लिहा. अशी सुरुवात करता येईल: "तुम्ही ऑर्डर देता तेव्हा आम्ही तुमचं नाव, पत्ता, फोन आणि ईमेल घेतो. पैसे शॉपिफायमार्फत येतात, तुमचा कार्ड नंबर आम्हाला दिसत नाही. पार्सल पोचवणाऱ्या कंपनीला तुमचं नाव, पत्ता आणि फोन देतो. गुरुजी ठरवलेत तर तुमचं नाव, पत्ता आणि पूजेची वेळ गुरुजींना देतो. साइटची तांत्रिक देखभाल करणाऱ्याला ऑर्डरी दिसू शकतात." हेच इंग्रजीत लावा, मराठीतही लावलंत तर सासूबाईही वाचतील. यातलं एकेक वाक्य तुम्ही स्वतः तपासून खरं केलेलं असावं.

'कार्ड नंबर आम्हाला दिसत नाही' हे लिहिण्याआधी मात्र एक सवय मोडा. काही काका-काकू व्हॉट्सॲपवर कार्ड नंबर पाठवतात आणि तुम्ही तो डायरीत उतरवून ऑर्डर भरता, असं तुम्ही लिहिलं आहे. मदत करायचा हेतू कळतो. पण त्यांना पैसे भरायची लिंक पाठवा, फोनवर थांबून त्यांच्याकडून भरून घ्या. जुन्या मेसेजमधले नंबर पुसा आणि डायरीची ती पानं बारीक फाडून टाका.

आता गुरुजींचा फॉर्म. तो वाचताना मी बराच वेळ थांबले. यजमानाचं नाव, पत्नीचं नाव, गोत्र, रास, नक्षत्र, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, मुलांची नावं आणि जन्मतारखा. सगळं एका गूगल शीटमध्ये, आणि त्या शीटची लिंक ज्याच्याकडे असेल त्याला ती उघडते. चार गुरुजी, पुण्याचा मुलगा, आणि त्यांनी पुढे पाठवली असेल तर आणखी कुणीही. सहा वर्षांतली सगळी कुटुंबं त्यात आहेत. संकल्पाला गोत्र लागतं, पण ते तुमच्या शीटमध्ये राहायला लागत नाही. संकल्प सोडताना गुरुजी यजमानाला विचारतातच. जन्मवेळ लागते ती पत्रिका बघायची असेल तर, आणि तेव्हा ती यजमानाने गुरुजींना फोनवर सांगावी. सत्यनारायणाच्या बुकिंगला मुलाची जन्मतारीख कशाला हवी? तेरा वर्षांखालच्या मुलांसाठीचा केंद्राचा कायदा मुलांकडून घेतलेल्या माहितीचा आहे, आईबापांनी भरलेल्या फॉर्मला तो लागत नाही. पण राज्यांच्या कायद्यांत लहान मुलांची माहिती संवेदनशील धरतात, आणि मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता एका ओळीत मिळणं चोराला फार सोयीचं असतं.

फॉर्ममध्ये नाव, फोन, पत्ता, कुठली पूजा, कधी, एवढंच ठेवा. लिंक बंद करा. प्रत्येक गुरुजींना फक्त त्यांच्या पूजांची यादी त्यांच्या ईमेलवर द्या. पूजा होऊन दक्षिणेचा हिशेब मिटला की ती ओळ पुसा. जुन्या सहा वर्षांचा साठा या शनिवार-रविवारी पुसून टाका, कराच्या हिशेबाला लागतं तेवढं सोडून. पुढच्या वर्षी त्याच कुटुंबाची पूजा आली तर पुन्हा विचारायला दोन मिनिटं लागतील.

पुण्याच्या मुलाशी साधा लेखी करार करा: माहिती फक्त साइटच्या कामासाठी बघायची, उतरवून ठेवायची नाही, काम संपलं की प्रवेश बंद. त्याला तुमचा स्वतःचा पासवर्ड देऊ नका, वेगळं खातं द्या आणि दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. हा अविश्वास नाही. उद्या त्याचा लॅपटॉप चोरीला गेला तर तोही सुटेल आणि तुम्हीही. पासवर्डसारखी किंवा आर्थिक माहिती फुटली तर ग्राहकांना कळवण्याचे कायदे ५० राज्यांत आहेत, आणि न्यू जर्सीत ग्राहकांच्या आधी स्टेट पोलिसांना कळवावं लागतं.

पत्रात तुम्ही मंडळाच्या यादीचंही सहज विचारलं आहे: सेक्रेटरी आठशे कुटुंबांचे ईमेल द्यायला तयार आहेत, गणपतीआधी सगळ्यांना एक मेल टाकू का? टाकू नका. केंद्राचा २००३ सालचा ईमेल-जाहिरातींचा कायदा आधी संमती मागत नाही. तो खरा टपाली पत्ता मागतो, नाव काढण्याची सोय मागतो, आणि कुणी सांगितलं तर कामकाजाच्या १० दिवसांत नाव काढायला लावतो. म्हणजे कायद्याने कदाचित चालेल. पण लोकांनी ईमेल दिला तो संक्रांतीचा कार्यक्रम कधी आहे हे कळावं म्हणून. मंडळालाच विनंती करा, त्यांच्या पत्रकात तुमची दोन ओळींची जाहिरात घालतील. ज्यांना हवं ते तुमच्याकडे येतील आणि स्वतःहून नाव देतील. घरचा पत्ता ईमेलखाली घालायचा नसेल तर पोस्टात नोंदवलेली पेटी चालते.

आणखी एक. कधीतरी कुणीतरी लिहील, "माझी कुठली माहिती तुमच्याकडे आहे ते सांगा आणि पुसा." मोठ्यांना याला ४५ दिवस मिळतात. मी सांभाळत असलेल्या एका दुकानात पहिल्यांदा असं पत्र आलं तेव्हा आम्हाला तीन आठवडे लागले, कारण त्या बाईंची माहिती सात ठिकाणी होती आणि ती सात ठिकाणं कुणी कधी लिहून ठेवली नव्हती. सातवं ठिकाण सापडलं ते त्यांनीच आठवण करून दिल्यावर, दोन वर्षांपूर्वीच्या सोडतीचा फॉर्म. मला आजही ते लागून राहिलं आहे. तुम्ही एका कागदावर लिहून ठेवा: शॉपिफाय, ईमेल पाठवायचं ॲप, गूगल शीट, व्हॉट्सॲप, फोनमधले संपर्क, डायरी. कागद फ्रिजवर लावलात तरी चालेल.

आता त्या मुलीचं उत्तर. तिला थांबवून ठेवू नका, पण वॉशिंग्टनमध्ये ग्राहक दावा लावू शकतो, म्हणून पाठवण्याआधी एक तास वकिलाला द्या. त्या २४०० पेक्षा त्यात खूप कमी जाईल. वकील दोन शब्द इकडचे तिकडे करेल, करू द्या. पण खोटं किंवा गोलमोल लिहायला सांगितलं तर ऐकू नका. मी असं लिहीन:

"तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उत्तर मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. मी स्वतः कुणालाही काही सांगितलेलं नाही. पण माझ्या साइटवर फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या कंपनीचा एक कोड होता, आणि तुम्ही चोरओटीचं पान पाहिलंत तेव्हा त्या पानाचा पत्ता तिकडे गेला असणार. जाहिराती त्यामुळेच आल्या का, हे मला खात्रीने सांगता येत नाही. तो कोड मी काल रात्री काढला. तुमचं पार्सल पाठवायला लागलेली माहिती सोडून बाकी सगळं पुसावं असं वाटत असेल तर एका ओळीत कळवा, मी पुसेन आणि ज्यांच्याकडे ती गेली त्यांनाही पुसायला कळवेन. तुमच्या बाजूने करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. इन्स्टाग्रामच्या अकाउंट्स सेंटरमध्ये 'युअर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' असं पान आहे, तिथे माझ्या दुकानाचं नाव दिसलं तर ते तोडून टाका आणि मागची नोंद पुसा. आणि जाहिरातींच्या पसंतीत पालकत्व हा विषय 'कमी दाखवा' वर ठेवा. तुमची बातमी तुम्ही सांगाल तेव्हाच सगळ्यांना कळायला हवी होती. मला मनापासून वाईट वाटतं, माफ करा."

पिक्सेल काढल्याची खात्री करून मगच हे पाठवा, म्हणजे 'काल रात्री काढला' हे वाक्य खरं असेल.